पिठाच्या काट्यावर बारा किलो

माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही. ही वही माझ्या मुलीची, प्रणालीची. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण परवा हॉस्पिटलात रांगेत माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिला माझाच आजार. ती नवऱ्याला सांगत होती, "या गोळ्यांनी मी फुगणार. मी नाही घेणार." मला तिला खूप काही सांगायचं होतं, पण तोंडच उघडलं नाही. माझा नंबर आला, मी आत गेले, बाहेर आले तर ती निघून गेली होती. तिला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

*

मी मुलुंडला एका पोळी-भाजी केंद्रात कामाला आहे. पाटीवर पोळी लिहिलंय, आमच्या तोंडी चपातीच. आम्ही आठ जणी. सकाळी सहाला कणीक मळायला बसतो, अकरापर्यंत ऑफिसांचे डबे निघतात, मग दुपारची ऑर्डर. मालकीणबाईंना आम्ही वहिनी म्हणतो. चाळिशीच्या आहेत, स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी जिम लावली आणि तिथून हे वजनाचं सुरू झालं.

एका शनिवारी काम आवरल्यावर त्या म्हणाल्या, "चला, आज सगळ्यांची वजनं करू या. तुम्ही पण बारीक व्हा माझ्याबरोबर."

केंद्रात पिठाच्या गोणी मोजायचा मोठा काटा आहे, जमिनीवर ठेवायचा. त्यावर पेपर अंथरला आणि एकेकीला उभं केलं. ज्या फळ्यावर आम्ही ऑर्डरी लिहितो, त्याच्याच एका बाजूला वहिनींनी आमची नावं आणि पुढे आकडे लिहिले. कोणी पिन काढली, कोणी पदर सोडून दिला. एक जण म्हणाली, "थांबा गं, मी आधी बाथरूमला जाऊन येते." सगळ्या हसून लोळत होत्या.

मला जमिनीत जावंसं वाटत होतं. माझा आकडा सगळ्यांत मोठा होता, एक्याऐंशी. डबे न्यायला येणारी माणसं तो फळा रोज वाचायची. एकाने विचारलं पण, "एक्याऐंशी म्हणजे चपात्या का?" मला नको म्हणायचं होतं. पण पगार देणाऱ्या बाईला नको कसं म्हणायचं? ती हसत हसत सांगते तेव्हा तर अजूनच कठीण.

वहिनींनी नियम केला. दर शनिवारी वजन. प्रत्येकीने पन्नास रुपये टाकायचे. तीन महिन्यांनी जिचं वजन सगळ्यांत जास्त उतरेल तिला सगळे पैसे. आठ जणी, बारा शनिवार, चार हजार आठशे.

*

आता वैशालीबद्दल लिहायला हवं. तिच्याशिवाय हे सगळं झालं नसतं.

वैशाली माझ्याच वयाची. दहावी पास. मी एक चपाती लाटेपर्यंत तिच्या दोन होतात, आणि दोन्ही चंद्रासारख्या गोल. फोनवर ऑर्डर घेते, वहिनी नसल्या की गल्ल्यावर बसते. वहिनी मला रंजनाताई म्हणतात आणि तिला वैशू. दुपारी जेवायला बसलो की पंख्याखालची जागा तिची. कोणी तिला दिलेली नाही, ती बसते आणि ती तिची होते. जे घालायची ते तिला शोभायचं. ती कोणाशीही बोलायची, पोलिसाशीसुद्धा. मी दुधवाल्याला दूध पातळ आहे हे सांगताना तीन दिवस घालवते.

तिने माझं कधी वाईट केलं नव्हतं. तरी मला ती आवडायची नाही. तिच्या हाताला चटका बसला की मी तूप आणून द्यायचे आणि आतून बरं वाटायचं. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.

तिचं वजन बासष्ट होतं. तिला काही गरज नव्हती. तरी तिने भात सोडला, भांडुपला घरी जाताना रिक्षा सोडून चालत जायला लागली. मला वाटलं, हेसुद्धा हिलाच मिळणार.

*

पहिल्या शनिवारी माझं वजन दीड किलो उतरलं. दुसऱ्या शनिवारी अजून एक. मी काहीच केलं नव्हतं. उलट भूक एवढी लागायची की सकाळी चार चपात्या, दुपारी सहा, घरी जाऊन भात. खायचे आणि उतरायचे.

"काय करतेस गं तू?" सगळ्या मागे लागल्या. "सांग ना यार!"

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पण वैशालीसुद्धा विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, "जिऱ्याचं पाणी. सकाळी उपाशीपोटी." त्या दिवसापासून केंद्रातलं जिरं संपायला लागलं. वैशाली मोठी बाटली भरून आणायची. तिचं आठवड्याला पाव-अर्धा किलो उतरायचं, माझं किलो.

बाकी जे होत होतं ते मी लपवलं. हात थरथरायचे. चपात्या फाटायला लागल्या तर पिठाला नाव ठेवलं. घाम एवढा यायचा की ब्लाउज पिळून काढावा, पण तव्यापुढे सगळ्यांनाच घाम येतो, कोणाच्या लक्षात येणार? छातीत सारखं धडधडायचं. केस मुठीने यायचे. घरी सगळ्यांवर ओरडायचे. प्रणालीवर एकदा लाटणं उगारलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. आमचे हे कुरिअरच्या गोडाउनमध्ये आहेत, दमून येतात. त्यांनी ताट जरा आवाज करून ठेवलं तरी मी भांडायचे.

पण तेच एक दिवस म्हणाले, "गो, तू आता लग्नात होतंस तशी दिसतंस." मालवणकडची माणसं अशी तोंडावर कौतुक करत नाहीत. मी मोरीत जाऊन आरशात कितीतरी वेळ बघत बसले.

*

बाराव्या शनिवारी मी एकोणसत्तरवर होते. बारा किलो. वैशाली पाच किलोने दुसरी. वहिनींनी माझा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आमच्या रंजनाताईंचा आदर्श घ्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीने पण वाजवल्या. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मानलं तुला." तिचं तोंड उतरलेलं होतं. तो तिचा चेहरा मला मिठाईपेक्षा गोड लागला.

त्या पैशांतून मी पिस्ता रंगाचा पंजाबी ड्रेस घेतला. आयुष्यातला पहिला. बाकीचे घरात गेले.

*

दहा-बारा दिवसांनी तव्यापुढेच डोळ्यांपुढे काळं आलं. चपाती हातात तशीच राहिली. पुढे आठवतं ते रिक्षातलं. माझं डोकं कोणाच्या तरी खांद्यावर होतं आणि तो खांदा वैशालीचा होता. आठ जणी असताना हीच का आली, एवढंच माझ्या मनात आलं.

हॉस्पिटलात तीच धावपळ करत होती. केसपेपर काढला, वॉर्डबॉयला दटावलं, "अहो दादा, हिची छाती उडतेय, रांग काय दाखवताय?" मला स्वतःला मरायची भीती वाटत होती, तरी त्यातही वाटलं, मी असते तर तिच्यासाठी मला एवढं बोलता आलं असतं का?

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी माझे डोळे बघितले, गळ्याला हात लावला, हात पुढे करायला सांगून त्यावर एक कागद ठेवला. कागद पानासारखा हलत होता.

"वजन कमी झालंय का?"

मी बोलायच्या आधी वैशाली म्हणाली, "बारा किलो, मॅडम. पहिला नंबर आला तिचा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "आणि भूक?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून म्हटलं, "खूप लागते."

"म्हणजे जिरं-बिरं काही नव्हतं?" वैशालीने हळूच विचारलं.

रक्त तपासलं. थायरॉइड निघाला. वैशाली म्हणाली, "थायरॉइडने तर माणूस जाड होतो ना?" डॉक्टर म्हणाल्या, तो एक प्रकार. हा दुसरा. यात शरीर स्वतःलाच जाळत राहतं. "तुम्ही बारीक झाला नाहीत, तुम्ही झिजलात. अजून थोडे दिवस गेले असते तर हृदयावर आलं असतं."

बाकीच्या बायका असं ऐकून रडल्या असत्या. मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, म्हणजे माझा पहिला नंबर माझा नव्हता.

*

सहा दिवस ठेवलं. पहाटे सिस्टर नाडी बघायला यायची, मग चहा, मग गोळ्या, मग झाडू मारणारी मावशी सगळ्यांना पाय वर घ्यायला लावायची. शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या आजी होत्या, त्यांचा मुलगा रोज डबा आणायचा आणि त्या त्यातलं अर्धं मला द्यायच्या. "खा गो बाय. तुझी हाडं मोजता येतात." आमचे हे संध्याकाळी यायचे, बोलायचे नाहीत, माझे पाय चेपत बसायचे. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांनी माझ्या पायाला कधी हात लावला नव्हता.

वहिनी द्राक्षं घेऊन आल्या. खाटेला लावलेली फाईल उचलली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. घरी जाऊन ग्रुपवर टाकलं, रंजनाताईंना हा आजार आहे, सगळ्यांनी तपासून घ्या. त्यांनी चांगल्यासाठी केलं असेल. पण माझी पाळी अनियमित आहे हेसुद्धा त्यात होतं, आणि ग्रुपवर डबे पोचवणारे तिघे पुरुष आहेत. मी त्यांनी आणलेली द्राक्षं खाल्ली.

*

गोळ्या लहान असतात. रोज वेळेवर घ्यायच्या, मधेच सोडायच्या नाहीत, दर महिन्याला रक्त दाखवायचं. डॉक्टर म्हणाल्या, वजन वाढेल, वाढलं की खूश व्हा.

महिन्याभरात हात थांबले. धडधड थांबली. प्रणाली माझ्या शेजारी झोपायला लागली. आणि पिस्ता रंगाचा ड्रेस काखेत घट्ट झाला.

मी कामावर परत गेले तर फळ्यावर नवीन नावं. दुसरी स्पर्धा. वहिनी म्हणाल्या, "या या, चॅम्पियन आल्या. आता सगळ्यांना तुम्हाला हरवायचंय." माझं वजन केलं. बहात्तर. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. वैशाली पंख्याखाली बसली होती. ती छप्पनवर आलेली, नवीन कापलेले केस, गळ्यात ओढणी अशी टाकलेली की जणू तिला ती मुद्दाम टाकावीच लागत नाही. ती चांगल्या मनाने म्हणाली, "तू यात नको पडूस गं रंजना. तुझी तब्येत बघ आधी."

हेच दुसरी कोणी बोलली असती तर मी ऐकलं असतं. मी पन्नासची नोट काढून स्पर्धेच्या डब्यात टाकली.

त्या दिवसापासून मी गोळ्या थांबवल्या.

जिला हे वाचून मी वेडी वाटेन तिला सांगते, मला सगळं कळत होतं. डॉक्टर बाईंचा शब्द न् शब्द आठवत होता. रोज पाकिटातून गोळी काढायचे, पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचे, म्हणजे घरच्यांना दिसावं. गोळी पदराच्या टोकात बांधायचे आणि केंद्रात आल्यावर मोरीत टाकायचे. रक्त दाखवायला गेलेच नाही. तिसऱ्या आठवड्यात हात पुन्हा हलायला लागले तर मला आनंद झाला. असा आनंद कोणाला होऊ नये.

बारा शनिवार संपले. मी चौसष्टवर आले. वैशालीचे तीन किलो उतरले होते, माझे आठ. पुन्हा चार हजार आठशे माझे. या वेळी टाळ्या कमी वाजल्या. वैशालीने वाजवल्याच नाहीत. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. डोळे पुढे आले होते माझे, आरशात मलाही दिसायचे.

त्या पैशांचं घरात काय केलं ते लिहीत नाही. संपले एवढं खरं.

*

या वेळी घरीच पडले, भाजी निवडताना. छातीत एक ठोका लागायचा आणि पुढचे दोन चुकायचे. आधीपेक्षा वाईट होतं. तीन दिवस मशीन लावलेल्या खोलीत ठेवलं. आत एकाच माणसाला सोडायचे.

प्रणाली आत आली. तिच्या हातात माझा डबा होता, गोळ्यांचा. रक्त बघून डॉक्टर बाईंनी तिला गोळ्यांचं विचारलं होतं, घरी पाकिटं तर रिकामी होती, म्हणून तिने केंद्रात फोन केला होता. मोरी साफ करताना एकीला गोळ्या सापडल्याचं तिला तिथून कळलं.

"आई, तुला मरायचंय की फोटो काढायचाय?"

मी तोंड भिंतीकडे वळवलं.

"आणि तो कोणाला दाखवायचाय? वैशालीमावशीला?"

पंधरा वर्षांची पोर. तिला कसं कळलं कोण जाणे. मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. मग मी खूप रडले आणि मशीन वाजायला लागलं, सिस्टरने तिला बाहेर काढलं.

आमचे हे दुसऱ्या दिवशी आले. खाली बघत म्हणाले, "माका बारीक बायको नको गो. माका बायको होयी."

डॉक्टर बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या. मी म्हटलं, "मी चौथी शिकलेली, मला अक्कल नाही." त्या म्हणाल्या, "शिक्षणाचा काही संबंध नाही. मोठमोठ्या शिकलेल्या बायका गोळ्या टाकून देतात आणि मला थापा मारतात. तुम्ही निदान रडलात." त्या एका वाक्यावर मी घरी आले. दुसऱ्या कोणाला ते औषध लागू पडेल की नाही माहीत नाही.

*

दोन महिन्यांनी कामावर गेले. दुपारी जेवायला बसलो. गोळ्यांचं सगळ्यांना कळलं होतं. वैशालीने डबा बाजूला ठेवला.

"रंजना, तोंडावर बोलते, राग मानू नकोस. पहिल्या वेळी तुला आजाराचं माहीत नव्हतं. ते पैसे तुझे. दुसऱ्या वेळी तुला माहीत होतं. सगळ्यांचे सहाशे-सहाशे परत कर."

कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे गं वैशाली, आजारी माणूस आहे."

"आजारी आहे म्हणूनच बोलते. उद्या पुन्हा तसंच करेल ती. मी भात सोडून, पाय तोडत चालले आणि ही गोळ्या मोरीत टाकत होती." मग ती वहिनींकडे वळली. वहिनी गल्ल्यावर होत्या. "आणि वहिनी, तुम्हालापण सांगते. आम्ही इथे चपात्या लाटायला येतो. आमची वजनं, आमचे आजार तुमच्या फळ्यावर आणि ग्रुपवर नकोत. काट्यावर पीठच ठेवा."

वहिनींचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, "मी तुमच्या भल्यासाठी केलं." वैशाली म्हणाली, "माहीत आहे. तरी नको."

एवढंच. ना आवाज चढवला, ना रडली. नऊ महिने जे वाक्य माझ्या घशात अडकून होतं ते तिने चपाती मोडता मोडता म्हटलं. तिची कंबर, तिचे केस, तिची पंख्याखालची जागा, सगळ्यांपेक्षा जास्त मला त्या वाक्याचा हेवा वाटला. अजून वाटतो. वहिनी थोड्या वेळाने उठल्या आणि फळ्याची ती बाजू ओल्या फडक्याने पुसली. वैशालीला दोन दिवस वैशू म्हटलं नाही, एवढीच शिक्षा. माझ्याकडून असं झालं असतं तर मी काम सोडून पळाले असते.

*

माझे स्वतःचे सहाशे सोडून सात जणींचे बेचाळीसशे द्यायचे होते. दर पगाराला एकीचे सहाशे द्यायचे ठरवलं. कोणी "राहू दे" म्हणालं, कोणी गुपचूप घेतले, एकीने त्यातले शंभर प्रणालीच्या वह्यांसाठी परत दिले. मी ते घेतले नाहीत. फक्त वैशालीचे शेवटी ठेवले. मुद्दाम. सात महिने तिला वाट बघायला लावली, एवढंच माझ्या हातात होतं.

या सात महिन्यांत गोळी एकदाही चुकवली नाही. वजन आता अठ्ठ्याहत्तर आहे. पिस्ता ड्रेस प्रणालीला आटवून दिला. मधेमधे आरशात बघून अजून दुखतं, ते खोटं कशाला सांगू? पण हात स्थिर आहेत. चपात्या फाटत नाहीत.

काल पगार झाला. दुपारी मी वैशालीसमोर सहाशे ठेवले, शंभराच्या सहा नोटा. मला वाटत होतं, आता ती म्हणेल राहू दे गं, आणि तिचे उपकार जन्मभर डोक्यावर राहतील. तिने हात पुसले, नोटा उचलल्या, सगळ्यांसमोर मोजल्या, एक नोट उजेडाला धरून बघितली आणि ब्लाउजमध्ये ठेवल्या.

"सहाशे. पूर्ण झाले," ती म्हणाली. "आता काही बाकी नाही तुझं."

"नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू गेलं.